बद्द वाजणारा रुपया

हा देश मुका आहे असं मी इथं आल्यापासून म्हणत आलो. पाऊस रोज पडतो, पण वाजत नाही, काचेवरून नुसता ओघळत राहतो. कुंपणावर पाखरं बसतात, चोची उघडतात, मिटतात, ओरडत मात्र नाहीत. मोटारी मागून येतात आणि एकदम अंगाशी उभ्या. माणसं बोलतात ती ओठांतल्या ओठांत, जणू तोंडात सुपारी धरली आहे. मी मुलाला एकदा विचारलंही, "तुमच्या गावात आवाज करायला पैसे पडतात का रे?" तो म्हणाला, "बाबा, इथं सगळं ग्रँड असतं." ग्रँड म्हणजे बरं. ग्रँड म्हणजे असू दे. ग्रँड म्हणजे आता गप्प बसा, असाही अर्थ मी पुढं लावला.

मुलाचं घर ल्यूकनला आहे, डब्लिनच्या पश्चिमेला. एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं अशी सारखी घरं. पहिल्या महिन्यात मी फिरून येताना शेजाऱ्याच्या दाराला किल्ली लावत बसलो होतो. बायको गेल्यावर मुलानं मला इथं आणलं. एकटं राहू देणार नाही म्हणाला. मी म्हटलं, हातपाय धड आहेत, कशाला? पण कागदपत्रं त्यानं आधीच करून ठेवली होती.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पुढं हातात हातोडा आला तो साठी उलटेपर्यंत सुटला नाही. आम्ही पुण्याचे तांबट. तांब्याचे हंडे, बंब, घंगाळं घडवायची आणि मग ठोके टाकून मठारायची, म्हणजे अंगभर हातोडीचं चांदणं उठवायचं. आळीत सकाळपासून दिवेलागणीपर्यंत ठोक्यांचा कल्लोळ. बाहेरचा माणूस आला की कानांत बोटं घालायचा आणि आम्ही त्याला हसायचो. भांडं पुरं झालं की वडील त्याला एक टिचकी मारायचे. खणकन वाजलं तर मांडणीवर. बद्द वाजलं तर कुठंतरी चीर आहे, परत आगीत. डोळ्याला चीर दिसायच्या आधी कानाला कळते. वडिलांनंतर ती टिचकी मी मारायचो, आणि आळीतले दुसरे लोकही आपलं भांडं माझ्याकडं घेऊन यायचे. "जरा ऐका हो," म्हणायचे. बघा नव्हे, ऐका. माणसालाही आम्ही हाच शब्द लावायचो. आतून पोकळ, थापाड्या माणूस म्हणजे बद्द.

म्हणून सूनबाई जेव्हा म्हणाली की बाबा, कानाची तपासणी करून घेऊ या, तेव्हा मला राग आला. ती नागपूरची. मी म्हटलं, "तुम्ही तिकडचे लोक शब्द गिळता, त्याला माझे कान काय करणार?"

"बाबा, यंत्र छोटंसं असतं, दिसतसुद्धा नाही," असं ती म्हणाली, हे मुलानं मला मोठ्यानं सांगितलं.

"यंत्र बसवायला मी काय पिठाची गिरणी आहे?"

त्यानंतर तो विषय निघाला नाही. मुलाचा आवाज त्याच्या आजोबांसारखा, खर्जातला. तो समोर उभा राहून बोलला की मला सगळं कळतं. नातीचं मात्र काही कळत नसे. ती आठ वर्षांची, इथंच जन्मलेली. तिची ती चिवचिव इंग्रजी ऐकून मी मान डोलवायचो आणि सोडून द्यायचो. पुण्याला फोन केला की सगळ्यांना सांगायचो, "आमची नात मडमीण झाली, आजोबाशी मराठीतलं अक्षर बोलत नाही." हे मी तिच्यासमोरही म्हणायचो. तिला कुठं कळतंय, असं मला वाटायचं.

आता रुपयाचं सांगतो.

आमच्या घरात एक राणीछाप रुपया होता. चांदीचा, फुलाफुलांचा झगा घातलेल्या राणीचं तोंड असलेला. माझ्या आईला तो तिच्या सासूनं सूनमुख पाहताना दिला होता आणि माझ्या लग्नात आईनं तसाच माझ्या बायकोच्या हातावर ठेवला. एरवी तो देवाच्या डबीत असायचा. लक्ष्मीपूजनाला बाहेर निघायचा. आमची रीत अशी की घरच्या पुरुषानं तो अंगठ्यानं उडवून पाटाशेजारच्या फरशीवर वाजवायचा, आणि घरच्या बाईनं "वाजला" म्हणायचं. मग तो ताटात लक्ष्मीपुढं जायचा. खोटी लक्ष्मी घरात येऊ नये म्हणून ही रीत. मी वाजवायचो, ती म्हणायची, "वाजला." दरवर्षी.

ती गेली तेव्हा घरात एकच गर्दी झाली. सवाष्ण गेली, हिरवं लुगडं आणा, कुंकू आणा, ओटी आणा. कुणीतरी म्हणालं, कपाळाला रुपया लावायचा असतो. माझ्या भावजयीनं देवाची डबी उघडली आणि हाताला आला तो रुपया कुंकवात बुडवून तिच्या कपाळाला चिकटवला. मी बाहेर ओट्यावर होतो. तिरडी उचलताना मी पाहिलं, तेव्हा काय बोलणार? तिसऱ्या दिवशी सावडायला गेलो तर राखेत तो सापडला नाही. वितळला असेल, नाहीतर कुणी उचलला असेल. मी म्हटलं, तिचाच होता, तिच्याबरोबर गेला. मुलगा त्याच सकाळी विमानातून उतरून थेट तिथं आला होता. त्याला आई दिसली नाही. तो राखेत काडीनं रुपयाच शोधत राहिला.

ते त्याच्या डोक्यातून गेलं नसावं. या वर्षी दिवाळी तोंडावर आली आणि त्यानं फोनवरच्या कुठल्याशा दुकानातून, कुणा अनोळखी माणसाकडून, तसाच राणीछाप रुपया मागवला. पाकीट आलं. आत कापसात गुंडाळलेला काळपट रुपया. तीच राणी, तोच झगा. मुलानं तो माझ्या तळहातावर ठेवला आणि माझ्या तोंडाकडं पाहत उभा राहिला.

"आईच्या जागी ठेवू या, बाबा."

मी स्वयंपाकघरात गेलो. ओट्यावर काळा दगड आहे. रुपया अंगठ्यावर धरला, उडवला. तो पडला, गिरकी घेऊन आडवा झाला. खट्. एवढंच. लाकडावर गोटी पडावी तसं. मी परत उडवला. खट्.

"बद्द आहे," मी म्हणालो. "फसवलं तुला."

मुलगा काहीतरी सांगायला लागला. मी हात वर केला. "माझ्यासमोर नाण्याचं सांगू नकोस. खोटा रुपया तुझ्या आईच्या जागी बसणार नाही. ताट रिकामं राहिलं तरी चालेल."

तो मला म्हणू शकला असता की बाबा, वाजला की. म्हणाला नाही. त्या वेळी मला वाटलं, चोरी पकडली गेली म्हणून गप्प बसला.

मग त्याच्या परीक्षा सुरू झाल्या. पीठ मोजायच्या काट्यावर रुपया ठेवून मला आकडा दाखवला. "अकरा पॉइंट सहा ग्रॅम."

"एक तोळा म्हण की. रुपया तोळ्याचाच असतो. खोटं पाडणाऱ्याला तोळा ठाऊक नसतो का?"

फ्रिजच्या दाराला लावलेलं लोहचुंबक काढून आणलं. चिकटलं नाही.

"तांबं तरी कुठं चिकटतं?"

बर्फाचा खडा रुपयावर ठेवला. भराभर पाणी झालं. चांदीवर बर्फ असाच पळतो, असं त्यानं फोनमध्ये वाचलं होतं.

"तांब्यावरही पळतो. तांबं मला शिकवतोस?"

सूनबाई दारात उभी होती. ती काहीतरी म्हणाली आणि तिनं मुलाकडं पाहिलं. मुलानं मान हलवली. नको, अशी. मला ते दिसलं. माझ्या घरात माझ्या पाठीमागं खुणा चालतात, हे मला फार लागलं. त्याच संध्याकाळी बाहेर फटाके उडत होते. इथं त्यांचा भुतांचा सण दिवाळीच्याच आसपास येतो. दारादारांत प्लॅस्टिकचे सांगाडे लटकतात आणि पोरं चोरून बॉम्ब फोडतात. मी मुलाला म्हटलं, "आवाज येतोय ना मला? हा बघ, हा दुसरा. आणि म्हणे कान तपासा."

दुसऱ्या दिवशी दोघं कामावर आणि नात शाळेत गेल्यावर मी खरं खोटं स्वतः करायचं ठरवलं. तांब्यावर चांदीचा मुलामा असला तर घासल्यावर कडेला लाली दिसते. इथं कपाटाला प्रेस म्हणतात. त्या प्रेसमधून चिंच काढली, मीठ घेतलं. राख या देशात मिळत नाही, म्हणून दिवाळीला आणलेली पांढरी रांगोळी घेतली. सिंकपाशी उभा राहून तो रुपया हंडा घासावा तसा घासला. राणीच्या नाकाडोळ्यांत बसलेला काळेपणा निघाला, झग्यातली फुलं उजळली, कडा पांढरीफटक झाली. लाली काही दिसली नाही. मी स्वतःशी म्हटलं, मुलामा जाड आहे.

संध्याकाळी सूनबाईनं तो पाहिला आणि कपाळाला हात लावला. यावेळी ती माझ्यासमोर येऊन, एकेक शब्द तोडून बोलली, "बाबा, जुनी नाणी घासायची नसतात."

"काळं नाणं देवापुढं ठेवायचं? तुझ्या माहेरी चालत असेल."

तिचे डोळे भरले. मी बघितलं, आणि दुसरीकडं बघितलं.

शनिवारी मुलगा म्हणाला, "चला, डब्लिनला नाण्यांचा एक व्यापारी आहे. तो काय म्हणेल ते शेवटचं."

"तो म्हणेल म्हणून मी ऐकेन असं नाही."

"ते मला माहीत आहे. चला."

नातही आली. भुरभुर पाऊस, भर दुपारी दिवे लागलेले. दुकान एका जिन्याखाली, आमच्या आळीतल्या खोपटाएवढं. व्यापारी माझ्याच वयाचा, लाल नाकाचा, बोटं मात्र बायकांसारखी नाजूक. त्यानं रुपया मखमलीवर ठेवला, डोळ्याला भिंग लावलं, फिरवून फिरवून पाहिला. मग अंगठा कडेवरून हळू फिरवला आणि मेलेलं पाखरू हातात घेतल्यासारखं तोंड केलं. मुलाशी बोलला. मुलगा माझ्याकडं वळला.

"खरा आहे म्हणतो. पण विचारतोय, हा कुणी घासला? दीडशे वर्षांचा रंग होता म्हणे, तो गेला. जमवणारे लोक आता याला हात लावणार नाहीत."

"जमवणाऱ्यांना कोण देतंय? आणि वाजवल्याशिवाय खरा कसा म्हणतो? त्याला सांग, वाजव."

मुलानं सांगितलं. व्यापारी हसला. त्याला ते आवडलं असावं. त्यानं रुपया एका बोटाच्या टोकावर तोलून धरला आणि लाकडी पेन्सिलीनं कडेला अलगद टिचकी दिली. मग डोळे मिटले.

मी वाट पाहत होतो.

तो डोळे मिटूनच होता. मुलगा खाली मान घालून उभा. नातीचं तोंड हळूहळू उघडलं, दारात ओळखीचं कुणी अचानक उभं दिसावं तसं.

मी म्हणालो, "वाजवायला सांग की त्याला."

"बाबा, वाजवला त्यानं."

"परत वाजव म्हणावं."

त्यानं परत टिचकी दिली. पेन्सिल लागली ते मी नीट पाहिलं. रुपया बोटावर थरथरला तेही पाहिलं. नातीनं माझी बाही ओढली आणि त्या चिवचिव आवाजात काहीतरी बोलली.

"काय म्हणते ही इंग्रजीत?"

मुलानं आधी तिच्याकडं पाहिलं. मग माझ्या कानापाशी तोंड आणलं. "ती म्हणाली, आजोबा, तो अजून वाजते. मराठीत म्हणाली, बाबा. ती तुमच्याशी मराठीतच बोलते. चुकत बोलते, पण मराठीतच. तुम्ही आलात तेव्हापासून."

मी तिच्याकडं पाहिलं. तिनं माझी बाही सोडली नव्हती. तिच्यासमोर मी तिला किती वेळा मडमीण म्हणालो असेन, आणि तिला प्रत्येक शब्द कळत होता.

व्यापारी काहीतरी म्हणाला. मला एक शब्द कळला, ग्रँड, कारण तो मला ओठांवरून ओळखता येतो.

गाडीत मी पुढं बसलो. काच पुसणारे ते दोन हात इकडून तिकडं जात होते. त्यांचाही आवाज असणार. मुलगा काही बोलला नाही, आणि बोलला असला तर रस्त्याकडं बघत बोलला, त्यामुळं मला कळलं नाही. माझ्या डोक्यात ठोके चालू होते, आमच्या आळीतले. ते मला स्पष्ट ऐकू येतात. आईचा रुपयाही ऐकू येतो. मग शेवटचा तो मी खरा कधी ऐकला? गेल्या दिवाळीला? त्याआधी? मी फरशीवर वाजवायचो आणि मला ऐकू यायचा, यात मला कधी शंका आली नाही. आता वाटतं, मला तिचं "वाजला" तेवढं ऐकू येत असेल आणि नाद मी आठवणीतून लावून घेत असेन.

तीही मोठ्यानं बोलायची. आळीतल्या बायका म्हणायच्या, तुमच्याकडं रोज कसली भांडणं चाललेली असतात? भांडणं नव्हती. ती माझ्याशी बोलत होती. तिनं मला एकदाही सांगितलं नाही की तुम्हाला कमी ऐकू येतं. मी चिडेन हे तिला ठाऊक होतं. तिनं नुसता आपला आवाज चढवला, दरवर्षी थोडा थोडा. ती गेल्यावर मी लोकांना सांगायचो, घर एकदम शांत झालं. लोकांना ते दुःखाचं बोलणं वाटायचं. मलाही.

लक्ष्मीपूजनाला इथं पाच वाजताच काळोख पडतो. सूनबाईनं पाट मांडला, पणत्या लावल्या, बत्तासे नव्हते म्हणून साखरेचे चौकोनी खडे ठेवले. इथल्या लाकडाच्या जमिनीवर वाजवायला फरशी नाही, म्हणून मुलानं अंगणातली एक फरशी धुऊन पुसून आत आणून ठेवली होती. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मी त्याला "बरं केलंस" म्हणायला हवं होतं. म्हणालो नाही. तो पांढराफटक रुपया डबीतून काढला आणि अंगठ्यावर धरला.

उडवला. पडला. खट्, आणि तेही दूरवर, शेजारच्या घरात पडावं तसं.

मग मी वाट पाहिली. तिघंही माझ्याकडं बघत होते. पणतीच्या उजेडात तिघांचे ओठ मला दिसत होते आणि ते मिटलेले होते. मुलगा पूजेच्या वेळी कायम दारात फटाक्यांपाशी असायचा, त्यानं ते कधी ऐकलं नसेल. सूनबाईला सांगणारी उरली नव्हती. पुढचा शब्द कुणी म्हणायचा असतो, हे तिथं माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. रुपया फरशीवर पडून राहिला. खरा होता. व्यापाऱ्यानं सांगितलं, काट्यानं सांगितलं, आठ वर्षांच्या पोरीनं सांगितलं. पण आमच्या घरात तो असा ताटात जात नाही.

शेवटी मीच म्हणालो, "वाजला."

किती मोठ्यानं म्हणालो ते मला सांगता येणार नाही. नातीनं दोन्ही कानांवर हात ठेवले.